कुवेतच्या मतदाराची बायको

मतदार यादी बडोद्यातल्या शाळेच्या भिंतीला डकवली होती आणि विजयमाला तिच्यावर तिसऱ्यांदा बोट फिरवत होती. स्वतःचं नाव होतं. सासूबाईंचं होतं. मध्ये नवऱ्याचं, उदयसिंहरावांचं असायला हवं, ते नव्हतं. नव्हतंच!

कुणी काढलं ते तिला त्याच क्षणी कळलं. तिनंच.

पावसाळ्यात सरोजिनीबाई आल्या होत्या, यादीच्या कामाला जुंपलेल्या मास्तरीण. "घरात कोण कोण राहतं?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि हिनं काय करावं? चहा ठेवला, फोटो काढून दाखवले, "हे कुवेतला असतात हं, नऊ वर्षं झाली, मोठ्या क्रेनवर आहेत!" गल्लीतल्या प्रत्येकाला सांगायची तसं फुशारकीनं सांगितलं. सरोजिनीबाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आणि तो माणूस यंदा दिवाळीला आला नाही! म्हणाला, "दिवाळी दर वर्षी येते. २००९ची लोकसभा आहे, रजा तेव्हाच घेतो." परवा उतरला. आल्या आल्या यादी बघून ये म्हणाला.

दोन दिवस तिनं काही सांगितलं नाही. भाजी करपली. सासूबाई गंगाबाई म्हणाल्या, "नवरा घरात आणि लक्ष कुठं गं तुझं?" तिसऱ्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं, "नाव गळलंय, ऑफिसात जाऊ."

मामलतदार कचेरीत कारकुनानं पासपोर्ट उलटापालटा केला. "नाम कमी थयुं छे, बेन. फॉरेनवाळ्यांचं नाव ठेवता येत नाही. कायदाच तसा आहे."

"पण नागरिक आहेत ना ते इथले?"

"छे ने. पण राहतात क्यां?" मग त्यानं आवाज खाली आणला. "फॉर्म भरा. लिहा, नोकरी सोडली, कायमचे बडोद्याला आलो. कोण बघायला येतंय?"

विजयमालानं फॉर्म ओढलाच! बाकावर बसून भराभरा लिहिला आणि नवऱ्यापुढे धरला. "अहो, सही करा."

त्यांनी वाचलं. सावकाश. तिला ओरडावंसं वाटत होतं.

"नोकरी सोडली? कधी सोडली मी?"

"एक सही तर आहे!"

"खाली काय लिहिलंय बघितलंस? खोटं निघालं तर शिक्षा. आणि शिक्षेचं जाऊ दे. मत द्यायला मी खोटं का बोलायचं? तिथं घाम गाळतो म्हणून इथला नाही का मी?"

"मीच सांगितलं!" ती एकदम बोलून गेली. "त्या बाईंना. कुवेतला असतात म्हणून. फोटो पण दाखवले. माझ्यामुळे गेलं नाव."

उदयसिंहराव हसले, जरा कडूच. "कुठला फोटो? तो टोपीवाला?"

"हसू नका हो!"

"मग काय, मी घरात लपलोय म्हणून सांगायचं होतंस? खरं तेच सांगितलंस की."

तिचे डोळे भरले, पण रडायला वेळ नव्हता. तिनं फॉर्म टराटरा फाडला, कारकुनाकडून कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्याच लिहिलं: माझे पती कुवेतला नोकरी करतात. ते भारताचे नागरिक आहेत. त्यांना मत का देता येत नाही ते लेखी कळवावे.

"अरे बेन, आनो जवाब कोण देणार?"

"साहेब देतील. पोच द्या."

"वार लागशे, खूप वेळ."

"लागू दे. हे जातील परत, मी कुठं जातेय?"

त्यानं शिक्का मारला.

मतदानाच्या दिवशी उदयसिंहराव शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले. आत ती एकटी गेली. पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान गेलं.

तेव्हापासून दर सोमवारी विजयमाला कचेरीत. कारकून तिला लांबून बघूनच "आव्या पाछां", आलात परत, म्हणतो. शुक्रवारी कुवेतहून फोन येतो.

"काय म्हणतो साहेब?"

"दिल्लीला विचारू म्हणतो."

"विचारलं का?"

"नाही ना. म्हणून मीच लिहिलंय दिल्लीला. आता बोलू नका, टपालाची पेटी चार वाजता उघडतात, त्याआधी पत्र टाकायचंय."