सोयाबीनचं वरीस

शालिकराम काका माह्या बापाचे चुलतभाऊ, म्हणून गावात मी चूप राह्यते. पण पोटच्या पोरीसंगं, जयवंतासंगं त्यायनं जे केलं, ते आठवलं का अजूनई माही तळपायाची आग मस्तकात जाते.

सातवीपर्यंत जयवंता अन् मी एकाच बाकावर. तिच्या घरी सारा कापूस. दसऱ्याले बोंडं फुटली का तिची शाळा सुटे, ते थेट संक्रांतीनंतर भेटे. वेचाले मजूर भेटत नाही, घरची पोरगी हाये, मंग काय! तिचा भाऊ नितेश अमरावतीले राजापेठेत क्लास लावून बसला होता, त्याले कोणी एक बोंड वेचाले बोलावलं नाही. अशात जयवंता दोनदा नापास झाली. मी पुढं गेली, ती मांगं राह्यली. पण पोरगी मोठी चिवट. अठरा पुरे झाले तवा का होईना, बारावीत पोचलीच.

त्या उन्हाळ्यात तिनंच काकाले पटवलं, औंदा सोयाबीन पेरा. यंत्रानं एका दिवसात काढून होते, मंग मी शाळेले मोकळी, बोर्डाची परीक्षा देते. काका हो म्हणाले नाही का नाही म्हणाले नाही, पण पेरलं सोयाबीनच. जयवंता गावभर सांगत सुटली, बाबानं माह्यासाठी पेरलं. मलेई खरं वाटलं. माहे बारावीचे पुस्तकं मी तिले देल्ले. तिनं हौसेनं कव्हरं चढवली.

दसऱ्याच्या आधी हार्वेस्टर येऊन गेलं, वावर साफ झालं. जयवंतानं दप्तर काढलं, अन् त्याच आठवड्यात हिवरखेडकडचे पाहुणे तिले पाह्याले आले. मी तिथंच होती. बारावीचं कोणी इचारलं नाही. होणाऱ्या सासूनं तिचे बोटं पाह्यले, दिवसाचा कापूस किती वेचतं म्हणून इचारलं. त्यायच्या वावरात सारी कापसाची पराटीच होती.

पाहुणे गेल्यावर काका अंगणात सुपारी कातरत बसले. म्हणाले, वावरात आता काम नाही, मंग पोरगी घरी ठेवून काय करू? कापूस होता म्हणून इतके वर्षं थांबलो. बाप असं बोलते का हो!

जयवंता कपबशा उचलत होती.

"बाबा, हे मले पेरणीच्या आधी सांगाचं होतं," ती म्हणाली. "मीच म्हटलं असतं, कापूस पेरा."