साडूच्या ड्रममधलं गॅस्केट

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या मेस्त्रींना जुनं हेड गॅस्केट वाचता येतं. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा पातळ पत्रा. त्यातून गॅस निसटू नये, पाणी नाही, तेल नाही. हेड उघडलं की बाकीचे मेकॅनिक तो भंगारात भिरकावतात. मेस्त्री उजेडाकडे धरतात आणि गाडीचा सगळा इतिहास सांगतात. "मालक, चढावर गरम झाली होती, तरी तुम्ही दामटलीत. खोटं बोलू नका, इथं लिहिलंय."

अशा माणसाला एकच दुखणं होतं. साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही शर्यतीची इंजिनं बांधणारा, गाडीही मेस्त्रींच्या गाडीच्याच बनावटीची. लागोपाठ दोन वर्षं साडू पुढे आणि मेस्त्री त्याचा धूर खात मागे. वर घरात बायको म्हणायची, "धाकटीचे हे किती हसतमुख असतात, नाही?"

"जिंकणारा रडेल कशाला?" असं म्हणून मेस्त्री भाजीत मीठ कमी असल्याचं जाहीर करायचे.

यंदा शर्यतीला आठवडा असताना रविवारी साडूकडे जेवण होतं. हात धुवायला म्हणून मेस्त्री मागच्या गॅरेजात शिरले, तर भंगाराच्या ड्रममध्ये साडूचं नुकतंच काढलेलं गॅस्केट! स्टीलचं, तीन पदरी. इकडेतिकडे बघून त्यांनी ते शर्टाच्या आत सरकवलं. परतताना स्कूटरवर ते इतके ताठ बसले, की मागून बायको म्हणाली, "पाठ धरली का हो?"

"जेवण जास्त झालं."

"मग तिथं नाही-नाही कशाला म्हणत होतात?"

घरी येताच मायक्रोमीटर लावला. पाऊण मिलिमीटर! मेस्त्री स्वतः सव्वा मिलिमीटरचं कॉम्पोझिट वापरायचे, म्हणजे दाबलेल्या तंतूंचं, जरा मऊ. पत्रा पातळ तर कॉम्प्रेशन जास्त, कॉम्प्रेशन जास्त तर जोर जास्त. सापडलं बेट्याचं गुपित! सोमवारी तस्संच नवं आणून त्यांनी आपल्या इंजिनात बसवलं. आधी आणून ठेवलेलं कॉम्पोझिट फळीवर गेलं आणि साडूचं जुनं खिळ्यावर.

गुरुवारी बायको चहा घेऊन आली आणि खिळ्यापाशी थबकली. "अहो, हे दोन नंबर आणि तीन नंबरच्या भोकांमध्ये काळं कशानं झालंय? असंच दाखवून तुम्ही त्या टॅक्सीवाल्याला झापलं होतंत ना?"

मेस्त्रींनी चष्मा लावला. जन्मभर लोकांची गॅस्केटं वाचली आणि हे एक नुसतं मोजलं! एका सिलिंडरचा गॅस शेजारच्यात घुसल्याचा काळाकुट्ट माग होता. भोवती ब्लॉकचे ओरखडे जसेच्या तसे उमटलेले. स्टीलला खाली ब्लॉक आरशासारखा गुळगुळीत लागतो. मेस्त्रींचा ब्लॉक तसा होता, साडूचा खरखरीत. त्याने पुन्हा तेच बसवलं असेल, तर तिसऱ्या फेरीत फुंकणार.

म्हणजे नुसतं गप्प बसलं की झालं. साडू रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा आहे आणि आपण हात हलवत पुढे जातोय, हे चित्र मेस्त्रींनी तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा हात हलवून झाला, की नजर त्या उघड्या बॉनेटकडेच जायची. साडू हरलेला चालणार होता, पण चुकीचं बसलेलं गॅस्केट त्यांना बघवेना. त्यांनी फोन लावला.

"साडूभाऊ, पुन्हा तीन पदरीच बसवलंय का?"

"हो. का?"

"काढा. ब्लॉक घासून घ्यायला आता वेळ नाही. कॉम्पोझिट लावा, ते खरखरीत चालवून घेतं. जुनं मधोमध फुंकलंय तुमचं."

"तुम्ही कुठं पाहिलंत?"

"ड्रममध्ये. सहज."

"रविवारपासून ते ड्रममध्ये नाहीये, दादा." मग हसू दाबल्याचा आवाज. "आणि कॉम्पोझिट इथं कुठं मिळत नाही हो!"

मेस्त्रींनी फळीकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती ते आधीच कागदात गुंडाळायला लागली होती.

शर्यतीत दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत टिकली. साडू दुसरा, मेस्त्री तिसरे, मध्ये जेमतेम एका गाडीच्या लांबीचं अंतर.

"माझ्याच गॅस्केटनं मला हरवलं!" मेस्त्री दोन दिवस धुमसत होते. "आणि तेही माझ्याहून जाड!"

आठवड्याने साडूने हेड उघडलं आणि ते गॅस्केट पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी : 'दादा, वाचून कळवा.' मेस्त्री ते घेऊन तासभर खिडकीत उभे होते. उलटं केलं, सुलटं केलं, भिंग लावलं.

"सापडलं का काही?" बायकोने ताट वाढत विचारलं.

"एक डाग नाही," मेस्त्री म्हणाले आणि पहिला घास घेऊन गरजले, "भाजीत मीठ कमी आहे!"