डॉक्टरांशेजारची खुर्ची

“आ करा,” कारखान्यातल्या तोंडाच्या तपासणीत डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले, तरी गणपतरावांनी ओठ मिटूनच ठेवले. डॉक्टरांशेजारच्या खुर्चीवर कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर साहेब बसले होते. शॉपमध्ये, मशीनवर कुणी तंबाखू खाताना दिसलं की ताकिदीचा मेमो देतात, तेच.

“अहो, मी काय चावतो का?” साहेब हसले.

“दात बरं हायती, सायब,” म्हणत गणपतराव उठले.

मित्रांनो, हे आज दुपारी घडलं. साहेब फिरकत नाहीत त्या आपल्या कँटीनच्या फलकावर लगेच लिहितोय, कारण राग जिरत नाही. गणपतरावांच्या गालात, तंबाखू धरतात तिथेच, पांढरा चट्टा आहे. महिनाभर ते भाकरी दुधात कुस्करून खातायत. आपल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, फक्त डॉक्टरांना नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “दाखवायचं ना, राव!”

“आन् मेमो आला तर घरी काय सांगू? तू येतूस सांगायला?”

तपासणी कामगारांसाठी होती, तर ती खुर्ची कशाला मांडली होती? खडू खाली ठेवलाय. उत्तर लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडलेलं: माझ्या सांगण्यावरून डॉक्टर पाळीआधी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकटेच आले. गणपतरावांनी तिथे तोंड उघडलं. डॉक्टरांनी चट्टा पाहिला आणि आजच पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं.