वाकडेपणासकट: उद्यमबागेतली एक तांब्याची बैठक

संशोधनाचा पेपर सोमवारी पाठवायचा, आणि बुधवारी प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या बैठकीचे आटे गेले. आमचं केसाहून पातळ स्फटिक या बैठकीवर बसतं. पुण्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये महिन्याची रांग. मैत्रीण म्हणाली, "बेळगावला जा. माझे काका तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर टर्नर आहेत, एका दिवसात करून देतील." तशीच दुसरी करून आणायची, एवढंच काम. काडेपेटीएवढा तो तुकडा रुमालात गुंडाळून मी गुरुवारी सकाळी सहाची बस धरली.

बस थेट बेळगावचीच घ्या, कोल्हापूरला बदलायच्या भानगडीत पडू नका. खिडकी उजवीकडची बघा, डावीकडे सकाळभर ऊन. कागल मागे पडलं की पाट्या कानडी होतात, बोलणं तेच राहतं. निपाणीला चहा अतिगोड, भजी झकास. तिथं चढलेल्या काकूंनी बसताबसताच विचारलं, "काय शिकतीस गं?"

सांगितलं. वीज सरळ सोडली की आडव्या बाजूलाही थोडं व्होल्टेज मिळतं, पण त्यासाठी चुंबक लागतं. आमच्या स्फटिकात चुंबकाचा पत्ता नाही, तरी मिळतं. वर वीज उलटी सोडली तरी त्याची बाजू बदलत नाही. जाताना डाव्या हाताला लागलेलं हॉटेल येतानाही डावीकडंच लागावं, तसं.

"असं कसं हुईल?"

"तीन वर्षं तेच शोधतेय, काकू."

"मग कुणाला तरी नीट इचार की," म्हणाल्या आणि झोपी गेल्या.

संध्याकाळी बेळगावातल्याच शहापूरच्या गल्ल्यांतून मागांचा आवाज ऐकत हिंडले, तिथला खव्याचा कुंदा घेतला, जवळच्याच लॉजवर राहिले. उद्यमबागेला सिटी बस जाते. कामगारांच्या गर्दीआधी निघालात तर बसायला मिळेल. शुक्रवारी सकाळी मी पोचले तर भरमाअण्णा, म्हणजे मैत्रिणीचे काका, कंग्राळी गावाहून मोटरसायकलने वर्कशॉपवर आलेच होते. त्यांनी सपाट लोखंडी पाटावर निळा रंग फासला, बैठक त्यावर घासली आणि उलटी करून मला दाखवली. रंग फक्त अर्ध्या भागाला लागला होता.

"ही बाजू टेकतच न्हाय, ताई. ह्येच्यावर काय तापतं व्हय?"

तापतं. विजेने स्फटिक तापतं, आणि उष्णता एकाच बाजूने निसटली तर त्या फरकानेही आडवं व्होल्टेज मिळतं. वीज उलटवली तरी ते तसंच राहतं, कारण तापणं तेवढंच. हा हिशेब मी केला होता, पण बैठक सपाट आहे असं धरून. तीन वर्षं मी स्फटिक मोजत होते की तांब्याचा वाकडेपणा?

"अशीच दुसरी पायजे म्हणालासा," अण्णा म्हणाले. "वाकडेपणासकट करू का सरळ?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर 'अशीच' म्हणावंसं वाटलं. मग "सरळ करा" म्हणाले आणि डोळ्यांत पाणीच आलं.

अण्णा गडबडले. "आगं, मी तांब्याला वाकडं म्हटलं, तुला न्हवं!"

दुपारी बैठक तयार झाली. परतीच्या बसमध्ये कुंद्याचा डबा उघडला, पण काही खावंसं वाटेना.

रविवारी पुण्यात नवी बैठक लावली. व्होल्टेज तिसरा हिस्साच उरलं. उरलेलं स्फटिकाचं, की अजून कुठून तरी उष्णताच निसटतेय? माझ्या गाइड सरांना म्हटलं, पेपर नको पाठवायला. ते "बरं" म्हणाले.

तेवढ्यात अण्णांचा फोन. "नीट बसली का गं?"

"बसली अण्णा. पण व्होल्टेज बरंच गेलं, थोडं राहिलं. राहिलंय ते खरं का खोटं, कळत नाही."

पलीकडे अण्णांनी मशीन बंद केलं. "मग जुनी टाकू नगंस, घिऊन ये, तिचे आटे नवे पाडतो. मी एक उलट्या बाजूला वाकडी करून देतो. दोन्ही लावून बघ. बदलंल ते तांब्याचं, बदलणार न्हाय ते तुझं."

हे तीन वर्षांत मला सुचलं नव्हतं. बुधवारचं बेळगावचं तिकीट काढलंय, आणि माझं काहीच निघालं नाही तर, या विचाराने मला भीती वाटतेय.