कालच्या रंगाला आजचा रंग

मामा कुणाचेच मामा नव्हते. टीव्हीच्या स्टुडिओत तीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवून त्यांना हे नाव चिकटलं होतं, आणि मोठ्या साहेबांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारत. सडसडीत, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे, काळे कुळकुळीत. शेवटचे दोन शब्द माझे नाहीत, त्यांचेच. मी गोऱ्या घरातली. मी म्हटलं असतं तर ते वाईट दिसलं असतं, आणि दिसायलाच हवं होतं.

आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक आमच्यासारखी, हा देश आपल्याच आजोबांनी बांधला असं समजून चालणारी. दुसरी, ज्यांच्या पणजोबांना बोटीत कोंबून मजुरीला आणलं ती. चार पिढ्या झाल्या तरी त्यांना 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न काही चुकलेला नाही. मामा त्यांच्यातले. मी ज्या विनोदी कार्यक्रमाची लेखिका होते त्याचा नायकही त्यांच्यातलाच. अंगावर मांस नव्हतं म्हणून त्याला सगळे काडी म्हणत.

कार्यक्रम चक्रम होता. त्यात एक कचेरी होती आणि खिडकीमागे कारकून म्हणून शेळी बसायची. शेळी खरी होती. काळ्या माणसानं रांगेत उभं राहून आपलं नाव छापून आलेली कात्रणं तिच्यापुढे टाकायची. ती जितकी कात्रणं खाईल तितका माणूस उजळ ठरायचा आणि तसा शिक्का मिळायचा. त्यातला काडी गायक म्हणून नावारूपाला आला की, आधी त्याला मागच्या दारानं ये म्हणणारे शेजारी 'हा तर आमचाच' म्हणून भांडायचे. 'तुमचा रंग आम्हाला दिसतच नाही हो,' असं प्रेमानं सांगायचे. मग तो आपल्या जुन्या गल्लीत जायचा, तर तिथला पहारेकरी त्याला आत सोडायचा नाही. लोक पोट धरधरून हसत. समाजाचे डोळे उघडलेत म्हणून आम्हाला पत्रं येत. मी ती चिकटवहीत लावून ठेवली होती, इतकी मी शहाणी.

मामांचे वडील घरं रंगवायचे. भिंतीवर ओल आली, पोपडा पडला, की तेवढाच तुकडा रंगवायचा आणि ठिगळ दिसू द्यायचं नाही, ही त्यांची खासियत. मामांनी ती उचलली. शूटिंग संपलं की काडीच्या चेहऱ्याला लावून बोटांना उरलेला रंग ते एका पांढऱ्या कार्डावर पुसत, तारीख घालत आणि कार्ड आरशाच्या कोपऱ्यात खोचत. दुसऱ्या दिवशी ते कार्ड समोर धरून नवा रंग कालवायचा. जुनं कार्ड डब्यात. त्यामुळे सोमवारच्या काडीत आणि मंगळवारच्या काडीत केसाइतका फरक नसे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. 'लेखिकाबाई,' ते मला म्हणत, 'तुमच्या गोष्टीला शेंडाबुडखा नसला तरी चालतं. माझ्या कामाला चालत नाही.'

पाचव्या वर्षी मी एक भाग लिहिला. काडी शेळीच्या कचेरीत जातो आणि रांगेत त्याला पाच वर्षांपूर्वीचा तो स्वतःच भेटतो. पहिल्या वर्षाच्या भागातलं दृश्य काढून नव्या दृश्याशेजारी जोडायचं होतं. संकलनाच्या खोलीत दोघं पडद्यावर शेजारी आले आणि आम्ही सगळे, काडीसुद्धा, खो खो हसलो. आम्हाला वाटलं, संकलकानं गंमत केलीय. पडद्यावर एक काळा काडी होता आणि एक गव्हाळ, दुसराच कुणीतरी.

मामा हसले नाहीत. ते खाली गेले आणि डबा घेऊन आले. लांब टेबलावर त्यांनी कार्डं तारखेनं लावायला घेतली. चारशेच्या वर होती. टेबल पुरलं नाही, मग जमिनीवर. शेजारशेजारची कुठलीही दोन कार्डं उचला, फरक दाखवता आला नसता. पहिलं आणि शेवटचं मात्र दोन वेगळ्या माणसांची होती.

कसं झालं ते तिथेच उलगडलं. दर वर्षी वरून कुणीतरी सांगायचं, 'मामा, यंदा काडी जरा ताजातवाना दिसू दे.' मामा चिमूटभर पिवळा जास्त घालत. कुणी म्हणायचं, नवे दिवे आलेत, चेहरा दबतोय. पुन्हा चिमूटभर. मग त्या दिवसाचं कार्ड हेच दुसऱ्या दिवसाचं माप. मागचं कार्ड काढून बघायची गरज कुणालाच पडली नाही. शेळीचा विनोद आम्ही दर आठवड्याला करत होतो आणि त्याच इमारतीत, एक मजला खाली, तो खरा होत होता. मला त्याचा पत्ता नव्हता. मला अजून त्याची लाज वाटते.

'चूक माझी,' मामा उभ्या उभ्या म्हणाले. 'माझ्याच हातून उजळत गेलाय तो. उद्या पहिल्या कार्डापासून सुरू करतो.'

निर्मात्या बाईंनी समजूत घातली. 'मामा, लोकांना काय वाटेल? त्यापेक्षा जुनं दृश्यच संगणकावर उजळ करू. पाच मिनिटांचं काम.'

मामा काडीकडे वळले. 'तू बोल. चेहरा तुझा आहे.'

काडीनं पडद्यावरच्या दोन्ही चेहऱ्यांकडे बघितलं. आता रस्त्यातून जाताना गोरी पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला धावत. एका साबणाच्या जाहिरातीचं बोलणं चाललं होतं. 'मामा,' तो म्हणाला, 'लोक आता मला असाच ओळखतात. राहू द्या ना.'

मामांनी ब्रश धुतले, पुसले, गुंडाळले आणि बदलीचा अर्ज दिला. त्यांना बातम्यांकडे टाकलं. तिथे निवेदकांच्या कपाळाची चमक मारायची, बाकी काम नाही. जुनं दृश्य उजळ करून तो भाग गेला आणि गाजला. मी काय केलं? मी पुढचा भाग लिहायला घेतला. तोही बरा होता.

मामा सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कामाला मात्र एक दिवस दांडी नाही. मी अधूनमधून त्यांच्या रंगभूषेच्या खोलीत चहाला जायची. काडीचं नाव ते काढत नसत. मी काढलं तर म्हणत, 'साखर हवी का?'

दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी मी तिथेच बसले होते, तेव्हा काडी दारात येऊन उभा राहिला. एव्हाना तो माझ्याइतका गोरा झाला होता. हा रंग पुसून जाणारा नव्हता. डॉक्टरांकडे खेपा घालून त्यानं तो कायमचा करून घेतला होता.

'मामा, आई ओळखत नाही मला,' तो म्हणाला.

त्याची आई वृद्धांच्या दवाखान्यात होती. स्मृती विरत चालली होती, तरी नर्सशी बोलताना ती रोज मुलाची वाट बघे. आणि मुलगा आला की घंटा वाजवून 'हा कोण परका माणूस माझ्या खोलीत शिरलाय?' म्हणून ओरडे. असं दोनदा झालं होतं. दुसऱ्या खेपेला त्याला पहारेकऱ्यानं बाहेर नेऊन सोडलं. सांगता सांगता काडी रडायला लागला.

डॉक्टरांकडे कशाला गेलास, कुणी सांगितलं होतं, असं मामांनी विचारलं नाही. मी असते तर चांगलं सुनावलं असतं. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, टॉवेल अडकवला, स्वतःच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि आपल्याच हाताचा रंग माप धरून रंग कालवायला सुरुवात केली. चेहरा, कान, मान. मग दोन्ही हात, नखांच्या कडांपर्यंत. 'आई हात धरते,' एवढंच म्हणाले. दीड तास लागला. उठला तेव्हा तो त्यांचा मुलगा शोभला असता.

त्या दिवसापासून त्याची आई जाईपर्यंत, सात महिने, दर रविवारी मामांनी हे काम केलं. पहिल्या रविवारी गाडी माझी होती म्हणून मी पाहिलं. आम्ही दोघं खोलीच्या दाराशी थांबलो. काडी चोरासारखा आत गेला.

म्हातारीनं मान वळवली. घंटेकडे हात गेला नाही.

'आलास होय रे? किती वाट बघायला लावतोस! बस इथे. वाळलास किती.'

काडी कॉटच्या कडेला बसला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि उगाच कुरवाळत राहिली. मग भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बोट करून हळूच म्हणाली, 'ऐक. यात एक गोरा येतो. तुझी हुबेहूब नक्कल करतो मेला. चालणं, बोलणं, सगळं उचललंय तुझं. लोकांनाही तोच आवडतो. तू साधा आहेस, म्हणून सांगते. जपून राहा त्याच्यापासून. एक दिवस तुझ्या पोटावर पाय देईल तो.'

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

'हो आई,' काडी म्हणाला, 'जपून राहतो.'