शेवटच्या कडव्यातली मोकळी जागा

माझा बाप हौशी नव्हता.

पोटासाठी लिहायचा. दुसऱ्यांचे बाप रानात जायचे, तसा माझा बाप सकाळी उठून लिहायला बसायचा.

हे आधी सांगते, कारण माझा बाप, आप्पा, गेले; काल आष्ट्यात त्यांचं पुण्यानुमोदन होतं आणि समाजमंदिराच्या दारात बॅनर लावला होता. आप्पांच्या फोटोखाली ‘हौशी लेखक’. वर पुढाऱ्यांचे फोटो, आप्पांच्या फोटोपेक्षा मोठे.

हौशी म्हणे!

साठच्या दशकातलं सांगते. तेव्हा मी शाळकरी.

आप्पा पोस्टाच्या पायरीशी लोखंडी ट्रंक मांडून बसायचे. फौजेतल्या नवऱ्यांना बायका पत्रं लिहून घ्यायच्या. रडत सांगायच्या, आप्पा मान खाली घालून लिहायचे.

दुपारी कचेरीचे अर्ज. लग्नसराईत ऑर्डरप्रमाणे मंगलाष्टका, त्यात दोन्हीकडच्या आजोबांची नावं बसवून. पेठेतल्या दुकानांची हस्तपत्रकं. दर गुरुवारी एसटीनं सांगलीला, छापखान्यात प्रुफं तपासायला.

इलेक्शन आली की दोन्ही पार्ट्यांच्या घोषणा ह्याच माणसाच्या. दोघंही एकमेकांना चोरून यायचे.

नगरपालिकेच्या अध्यक्षांची भाषणंसुद्धा आप्पांची. ती ऐकायला आप्पा सगळ्यात मागं उभे असायचे. तेव्हा आम्हाला पुढं कोण बसवणार होतं?

ह्यात हौस कुठं दिसली तुम्हाला?

आणि पोवाडे. सीमेवर लढाई झाली त्या वर्षी तर रोज एक.

पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तीच त्याची सही. आप्पा अख्खा पोवाडा लिहायचे आणि तिथं जागा मोकळी सोडायचे. ज्यानं विकत घेतला तो शाहीर त्यात आपलं नाव घालायचा.

मी एकदा विचारलं, “आप्पा, हितं तुमचं नाव का न्हाई?”

“ती जागा इकायची असती, बाय.”

एवढंच. परत लिहायला लागले.

एका वर्षी जत्रेत शाहीर धोंडजींनी आप्पांचा जवानाचा पोवाडा गायला. शेवटी ‘शाहीर धोंडजी गातो’ आलं आणि लोकांनी फेटे उडवले. मी वळून बघितलं.

आप्पा टाळ्या वाजवत होते.

मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. तो राग अजून गेलेला नाही. आप्पा, लोकांवर आहे तेवढाच तुमच्यावर पण आहे. दुनियेचे अर्ज लिहिलेत, स्वतःचा एक लिहिला नाहीत.

तर काल काय झालं.

धोंडजींचा नातू आला होता. पोरगा चांगला आहे, नोकरी करून डफ वाजवतो. माईकवर म्हणाला, “आमच्या आजोबांचा सगळ्यात गाजलेला पोवाडा आज आप्पांना अर्पण करतो.”

आणि सुरू केलं. जवानाचा पोवाडा.

आप्पांच्या फोटोसमोर, आप्पांचाच पोवाडा, दुसऱ्याच्या नावानं, आप्पांना भेट!

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठले. धाकट्या भावानं पदर ओढला.

“ताई, बस. पाव्हणं हायत.”

आणि मी बसले. चौतीस वर्षं वर्गात पोरांना ‘खरं बोला’ म्हणून शिकवलं आणि काल मी खाली बसले. लिहिताना पण लाज वाटतेय.

शेवटचं कडवं आलं. ‘शाहीर धोंडजी गातो...’

“आरं, थांब पोरा.”

आई. नव्वदीला टेकली आहे. एरवी बोलत नाही कुणाशी.

डफ थांबला.

“लय झ्याक गातूस. पर त्यो शेवट तसा न्हाई.”

पोरगं गोंधळलं. “आजी, आमच्या वहीत असंच हाय.”

“वहीत आसंल. म्या चुलीपाशी ऐकलाय.” आई म्हणाली. “ह्येंनी पोवाडा झाला की घरात यकदा पुरता म्हणायचं. सोताचं नाव घालून. मी भाकरी थापत ऐकायची. मग जागा मोकळी सोडून द्यायचं.”

हे मला माहीत नव्हतं. ह्या घरात जन्मले आणि मला माहीत नव्हतं!

मग आईनं म्हटलं. सूर नाही, दात नाहीत, पण एक शब्द चुकला नाही.



पोरानं पिशवीतून जुनी वही काढून आणली. अक्षर आप्पांचं. मी कुठंही ओळखीन. शेवटच्या पानावर फक्त धोंडजींच्या नावाची ओळ दुसऱ्या शाईत.

त्यानं ती ओळ स्वतः खोडली. पेन आईपुढं धरला. “आजी, तुमीच घाला नाव.”

आईनं हात मागं घेतला.

आईला लिहिता येत नाही.

गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं ज्यानं लिहिली, त्याच्या बायकोला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. आप्पा, ह्याचा जाब कुणाला विचारू? तुम्ही तर गेलात.

पेन मी घेतला.

जवानाचं रगत
ऱ्हाईल जगात
आष्टा गावात
ज्ञानू रचितो, मुजरा करितो, जी जी जी

ज्यांनी बॅनर केला त्यांनी वाचावं. हौशी नाही. लेखक. पोटासाठी राबलेला.

आप्पा, जागा भरली.

आता जा.