उसनं लुगडं

कोर्टात मी नक्की काय करत असे, असं तुम्ही फोनवर विचारलंत. क्रमाने सांगते.

दुष्काळाची वर्षं होती. जिल्ह्याच्या गावी कॉलेजात कायदा-सहाय्यकांचा वर्ग निघाला. वकिलाच्या हाताखाली कागद तयार करायचे, पक्षकाराला समजावून सांगायचं, एवढंच ते काम. माझं इंग्रजी बरं, म्हणून मी नाव घातलं. भूमहून एसटीने जायचं. परत येईपर्यंत अंगात त्राण उरत नसे, आणि घरी पाण्याचा टँकर यायचाच असे.

शिकवणारे सर वकील होते. त्यांनी मला पहिलं प्रकरण दिलं ते एका टाकलेल्या बाईचं. ती रोजगार हमीवर खडी फोडायची आणि तिला नवऱ्याकडून पोटगी हवी होती. मी तिला बजावलं होतं, "कामावरच्या कपड्यांतच या."

ती आली हिरव्यागार लुगड्यात, कोपरापर्यंत बांगड्या भरून.

"अहो, हे काय?"

"त्येच्यापुढं फाटक्यात उभी ऱ्हाऊ व्हय, बाई?"

व्हायचं तेच झालं. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "उपाशी माणसाचा थाट असा असतो का?" लोक हसले. लुगडं शेजारणीचं होतं, हे तिने मला आत जाताना सांगितलं होतं. पण शिकाऊ माणसाने कोर्टात बोलायचं नाही, हा नियम. आणि सरांनी विचारलं, तरी ती तोंड उघडेना. नवरा समोरच उभा होता. न्यायाधीशसाहेबांनी पुढची तारीख दिली.

परतीच्या गाडीत मी कायद्याचं पुस्तक उघडलं. गाडी हिंदकळत होती, डोळे मिटत होते. नवऱ्याला हजेरी माफ करता येते, त्याचा वकील समोर असला म्हणजे पुरे, असं त्यात सापडलं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अर्ज तुम्हीच लिहा."

पुढच्या तारखेला साहेबांनी अर्ज मंजूर केला. नवरा खुशीत चहाला गेला. ती त्याच लुगड्यात उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "लुगडं शेजारणीचं हाय साहेब, बांगड्या बी तिनंच भरल्या. माझ्या घरात दोन दिस चूल पेटली न्हाय."

या वेळी कुणी हसलं नाही.

पोटगी मिळाली, थोडीच. बाहेर आल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "त्येला कुनी सांगनार न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. नवऱ्याच्या वकिलाने सगळं ऐकलंच होतं; तिची वकील मी नव्हते, वचन देण्याचा अधिकारही नव्हता. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.